एकशे अठरा नंबरची बेडकी

१

सकाळी आठला दालनाचं दार उघडायचं म्हणजे तीन माणसं लागायची: किल्लीवाला, दालन ज्याच्या ताब्यात आहे तो अधिकारी आणि एक पोलीस. कुलपाभोवती तारेचा वेढा, तारेच्या टोकाला शिशाची चकती आणि चकतीवर आदल्या दिवशी दाबलेला शिक्का. तिघांनी शिक्का बघायचा, शाबूत आहे असं वहीत लिहून सह्या करायच्या, आणि मगच तार तोडायची. दुपारी तीनला हेच सगळं उलट्या क्रमानं. नाईलकाठच्या त्या गावातल्या लहानशा संग्रहालयात तहानीनं हे चौतीस वर्षं केलं होतं. आता पाचच दिवस उरले होते.

तिच्या नावावर चारशे बारा वस्तू होत्या. नावावर म्हणजे अगदी जिवावरच. निवृत्त होताना समितीसमोर एकेक वस्तू पुढच्या माणसाच्या हातात द्यायची, त्यानं ती मोजून-बघून घ्यायची. सगळ्या पोचल्या की सुटका. एक जरी कमी भरली तर घरी जायचं नाही, सरकारी वकिलाकडे जायचं.

किल्लीवाला होता बखीत. वयानं तो तहानीहून दीड वर्षानं लहानच, पण सगळं गाव त्याला अम् बखीत म्हणे, म्हणजे बखीतकाका, म्हणून तीही म्हणे. तार तोडताना त्याला रोज काहीतरी बोलायचंच असायचं. त्या सकाळी एकशे अठरा नंबरकडे बोट दाखवून तो म्हणाला, "तुमच्या मागोमाग मीही जाणार, मॅडम. उरेल ती ही एकटीच. सरकारी नोकरीत एवढी वर्षं काढून हिनं एकदा रजा मागितली नाही."

एकशे अठरा म्हणजे काळ्या दगडाची बेडकी. वीतभर लांब, पोट जमिनीला टेकलेलं, डोळे वर काढलेले. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी ती इतक्या मायेनं घासली होती की पाठीवर हात फिरवावासा वाटे. जुन्या वहीत तिची एक ओळ होती: बेडूक, काळा दगड, अखंड, वजन नऊ किलो साडेचारशे ग्रॅम.

नऊच्या सुमाराला कैरोहून समितीचे प्रमुख आले. डॉक्टर विसाम चाळिशीचे होते, शर्टाच्या बाह्या इस्त्री केलेल्या, बोलणं गोड. त्यांच्यामागून ड्रायव्हरनं एक खोकं आणलं आणि टेबलावर ठेवलं. खोक्यात वजनकाटा होता. सगळ्या वस्तूंची आता संगणकात नवी नोंद व्हायची आहे, तेव्हा वजनंही घ्यायची, असं ते म्हणाले.

"दगड कोण तोलतं, डॉक्टर? सोनं तोलतात," तहानी म्हणाली आणि हसली. ते हसू तिला स्वतःलाच खोटं वाटलं.

२

बेडकी हलकी आहे हे तिला माहीत होतं.

माहीत होतं आणि नव्हतं. वर्षातून एकदा काचपेटी उघडून मूर्ती पुसायच्या असत. नोकरीच्या पहिल्या वर्षांत ती बेडकीला दोन हातांनी, पाय फाकवून उचलायची. मग एका वर्षापासून ती एका हातानं उचलू लागली. सवय झाली, मनगट बळकट झालं, असं तिनं स्वतःला सांगितलं. मधुमेह झाला, गुडघे गेले, भाजीची पिशवी जिन्यावरून चढवताना दम लागू लागला. बेडकी मात्र एका हातानंच उठत राहिली. तेव्हा ती म्हणाली की आपण ती पकडायची पद्धत शिकलो. शिकलेल्या माणसाला स्वतःची समजूत घालायला कारणं कमी पडत नाहीत.

पण ते कुठल्या वर्षापासून, हे तिला पक्कं आठवत होतं. सव्वीस वर्षांपूर्वीचा एक शुक्रवार.

तेव्हा बेडकीवर काच नव्हती. ती उघड्या चौथऱ्यावर असे, आणि कालव्यापलीकडच्या बायका यायच्या. ज्यांना मूल होत नाही त्या. बाटलीतलं पाणी बेडकीच्या पाठीवर ओतायचं, खाली ओंजळ धरायची, ते प्यायचं. मूल झालं की त्याला घेऊन परत यायचं आणि बेडकीला त्याचं तोंड दाखवायचं. एवढंच. "पाणी नेलं तर तोंड दाखवावं," असं त्या म्हणत. तहानीला संताप यायचा. वारसा जपायला बसलोय की दाईचा धंदा करायला, असं ती सगळ्यांसमोर म्हणायची.

एकदा सनिया आली, बखीतची धाकटी बहीण. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि नवरा दुसरी करायला निघाला होता. तहानीनं तिच्या हातातली बाटली काढून घेतली. शाळेची सहल आली होती, त्या मुलांसमोरच ती म्हणाली, "दगडाला का पोरं होतात, बाई? तो दगड आहे. डॉक्टरकडे जा." मुलं हसली. तहानीनं बखीतलाच सांगितलं की हिला बाहेर काढा, आणि त्यानं काढलं. बहिणीच्या कोपराला धरून, मान खाली घालून तो तिला घेऊन गेला.

त्याच दिवशी तहानीनं काचपेटीचा अर्ज लिहिला. शनिवारी कारागीर पेटी बसवणार होता. आणि आदल्या शुक्रवारी, दुपारच्या नमाजाला सगळे गेलेले असताना, लग्नाला नऊ वर्षं झालेली, सगळे डॉक्टर करून थकलेली तहानी पाण्याची बाटली घेऊन दालनात आली. पाणी थंड होतं. ते हनुवटीवरून, गळ्यावरून ओघळलं. घशाखाली उतरताना त्याला कसलीच चव नव्हती.

वर्षाच्या आत रिहाम झाली.

तोंड दाखवायला तिनं मुलीला कधी आणलं नाही. कुठल्या तोंडानं आणणार?

३

तीन दिवस तोलणं चाललं. माकडं, ससाणे, मातीचे दिवे, मणी. पुढची अधिकारी मिर्वत, तहानीनंच हाताखाली घेऊन तयार केलेली तिशीची मुलगी, वही उघडून बसायची आणि मोठ्यानं आकडे वाचायची. एखाद्या ग्रॅमचा फरक निघाला तर डॉक्टर विसाम मान हलवून पुढे जायचे. जड दगड शेवटी ठेवले होते. चौथ्या दिवशी, एकशे अठरा.

तहानीनं पेटीचं कुलूप काढलं आणि मुद्दाम दोन हातांनी बेडकी उचलली. तरी ती काट्यावर टेकताना आवाज हलका झाला.

मिर्वतनं वाचलं, "सहा किलो साडेपाचशे." मग तिनं वहीत बघितलं, पुन्हा काट्याकडे बघितलं.

बेडकी काढून परत ठेवली. सहा साडेपाचशे. चहाच्या खोलीतून साखरेचं एक किलोचं सीलबंद पाकीट आणवलं. काट्यानं बरोबर एक किलो दाखवलं. पुन्हा बेडकी, पुन्हा सहा साडेपाचशे.

जुना फोटो काढला. उजव्या डोळ्याखालचा ओरखडा, पाठीवरची पांढरी शीर, पोटाखाली शाईनं घातलेला नंबर, सगळं जुळत होतं. ते बघून डॉक्टर विसाम आणखीच गंभीर झाले. नक्कल करणारा कसलेला असावा, असं ते म्हणाले. दगड आतून पोकळ असेल. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं की किल्ली कुणाकडे असते.

सगळ्यांनी बखीतकडे बघितलं. त्याच्या गावात घरोघर जुन्या मूर्तींसाठी चोरून खणलेले खड्डे आहेत, हे कैरोलाही ठाऊक होतं. पेटीची किल्ली तहानीकडे असे, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण चौतीस वर्षं डाग नसलेल्या मॅडमकडे बघायला कुणी मान वळवली नाही.

बखीतनं मान खाली घातली. आपल्या बुटांकडे बघत राहिला.

उद्या सकाळी सगळ्यांसमोर एकदा शेवटचं तोलू, असं डॉक्टर विसाम म्हणाले. तेव्हाही कमी भरली तर अहवाल लिहायचा, आणि पोलीस तर दारात आहेतच.

मनातल्या मनात तहानीनं वजाबाकी करून टाकली होती. दोन किलो नऊशे ग्रॅम. तो आकडा काढायला तिला वहीची गरज नव्हती. आपलं मूल जन्मलं तेव्हा किती भरलं, ते कुठलीही आई झोपेतही सांगेल.

४

तरी घरी गेल्यावर तिनं लोखंडी कपाट उघडलं. खात्री करायची होती, म्हणजे खरं तर खोटं ठरवायचं होतं. नवऱ्याचे चष्मे, त्याच्या मृत्यूचा दाखला, आणि त्याखाली रिहामचं लस टोचण्याचं पिवळं कार्ड. जन्माच्या वेळचं वजन: २९००.

योगायोग आहे, असं ती मोठ्यानं म्हणाली. निम्म्या गावाची पोरं दोन-नऊशेची असतात. पन्नास वर्षांपूर्वी वही लिहिणाऱ्या कारकुनाचा काटा खराब असेल. सहाच्या जागी त्यानं नऊ लिहिले असतील. ही सगळी कारणं चांगली होती. पण हे सुचत असताना तिचं मनगट आठवत होतं, एका हातानं उचलणारं.

तेवढ्यात जिन्यावर रिहामची पावलं वाजली. ती औषधाच्या दुकानात काम करायची. पायऱ्या दोन-दोन करून चढायची ती लहानपणापासूनच. आल्या आल्या तिनं मुलुखियाच्या भाजीचं झाकण उचललं, बोट बुडवून चाटलं आणि लसूण कमी पडलाय म्हणाली. गालावर पीठ लागल्यासारखा खमसीनच्या वाऱ्याचा धुरळा होता. तहानीनं तो ओढणीच्या टोकानं पुसला. गाल ऊन होता, भरलेला होता. तहानीच्या जिवात जीव आला.

जेवताना रिहाम म्हणाली की उद्या निरोपाचा केक घेऊन ती संग्रहालयात येणार.

"बाहेरच थांब. आत येऊ नकोस," तहानी पटकन म्हणाली.

"अजूनही?" रिहाम हसली. "यम्मा, मी आठ वर्षांची असताना शाळेची सहल तिथं निघाली, तर तू मला ताप नसताना अंथरुणात झोपवलंस. मैत्रिणी सगळ्या बेडकी बघून आल्या. आख्ख्या गावात मी एकटीच जिनं ती बघितली नाही. काय आहे त्या बेडकीत?"

काही नाही, दगड आहे, असं तहानी म्हणाली. आणि उरलेलं जेवण तिला गेलं नाही.

५

सकाळी वारा चढला होता. आभाळ हळदीसारखं पिवळं, दातांखाली रेती. पोलीस अजून आला नव्हता, म्हणून दोघं बंद दारासमोर उभी होती. बखीतनं दाढी केली होती, इस्त्रीचा झगा घातला होता. पोलिसांबरोबर जायचं तर नीट जावं, असा त्याचा विचार असावा.

तहानी म्हणाली, "अम् बखीत, मी डॉक्टरांशी बोलेन."

"काय बोलाल, मॅडम?"

तो शिशाच्या चकतीवरून अंगठा फिरवत राहिला, आणि मग तिच्याकडे न बघता बोलला.

"त्या शुक्रवारी मी नमाजाला गेलो नव्हतो. पोट बिघडलं होतं. दारातनं बघितलं, तुमची ओढणी ओली होती. कुणी येऊ नये म्हणून मीच दार बाहेरनं लोटून घेतलं आणि तिथंच बसलो."

तहानीला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. सव्वीस वर्षं हा माणूस रोज सकाळी तिच्याशी थट्टा करत होता. ज्या आठवड्यात तिनं त्याच्या बहिणीचं पोरांसमोर हसं केलं, त्याच आठवड्यात तो तिच्यासाठी दारात बसला होता. लाजेनं तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"सनिया कधीमधी विचारते," बखीत म्हणाला. "मॅडमनी पोरीचं तोंड दाखवलं का, म्हणून. तिला वाईट वाटत नाही तुमचं. नुसतं विचारते. मी म्हणतो, मला काय माहीत."

"तू हे मानतोस?"

"मी किल्लीवाला आहे, मॅडम. माझ्या मानण्याला कोण विचारतं? पण दाखवायला काय लागत होतं? दोन पावलं तर होती."

पोलीस आला. शिक्का शाबूत होता. तिघांनी सह्या केल्या.

६

टेबलाभोवती सगळे उभे होते. खिडक्या बंद असूनही फटींतून वारा शिटी घालत होता. डॉक्टर विसामनी अहवालाचा कागद आधीच काढून ठेवला होता. त्यावर बखीतचं पूर्ण नाव लिहिलेलं तहानीला दिसलं.

रात्रभर तिनं एक वाक्य घोकलं होतं: पेटी नव्हती तेव्हा मी एकटीनं त्या मूर्तीला हात लावला होता, बखीतचा त्यात संबंध नाही. एवढं म्हटलं की झालं असतं. बखीत सुटला असता. मग प्रश्न आले असते. कशाला हात लावला, मॅडम? कधी? आणि मिर्वत वही बाजूला ठेवून तिच्याकडे बघत राहिली असती.

तिनं पेटी उघडली. बेडकी एका हातानं उचलली. तोंड उघडलं. शब्द आला नाही.

त्या वेळी तिनं जे केलं ते कुणाला दिसण्यासारखं नव्हतं. तळहातावरच्या त्या काळ्या दगडाला ती मनातून एवढंच म्हणाली, आज भर. यांच्यापुरतं भर. माझी अब्रू राख.

तळहाताला ओल लागली. बेडकीचं पोट ओलं होतं, आणि थंड. मग तिचं मनगट खाली वाकलं. हळूहळू नाही, झोपलेलं मूल अंगावर टाकावं तसं एकदम. दुसरा हात लावेपर्यंत बेडकी सुटता सुटता वाचली. मिर्वत पुढे झाली. "सांभाळा, मॅडम."

काट्यावर टेकताना टेबल करकरलं.

"नऊ किलो साडेचारशे," मिर्वत म्हणाली.

पुन्हा तोललं. साखरेचं पाकीट आलं. ते एक किलो भरलं. बेडकी नऊ साडेचारशे. डॉक्टर विसामनी कपाळ पुसलं आणि काल वाऱ्यानं वीज कमी-जास्त होत होती, त्यानं काटा बिघडला असणार, असं निदान केलं. सगळ्यांनी ते ताबडतोब मान्य केलं. अहवालाचा कागद त्यांनी चार तुकडे करून खिशात टाकला आणि बखीतच्या खांद्यावर थाप मारली. बखीतनं ती घेतली, पण बघत होता तो तहानीकडे. तिच्याकडे असं त्यानं पूर्वी कधी बघितलं नव्हतं. त्यात राग नव्हता. भीती होती.

शेवटच्या दोन वस्तू तपासून झाल्या. तहानीनं सह्या केल्या, मिर्वतनं सह्या केल्या. किल्ल्या आणि शिक्का तहानीच्या हातातून मिर्वतच्या हातात गेला. वाऱ्यामुळे आज पाहुणे यायचे नाहीत, म्हणून दालन लगेच बंद करायचं ठरलं. तार वेढली, शिसं दाबलं. मिर्वतचा पहिला शिक्का. सगळ्यांनी मबरूक म्हणून अभिनंदन केलं. तहानीच्या अंगावरचं ओझं उतरलं होतं. आणि ते उतरलंय असं वाटल्याबरोबर तिला प्रश्न पडला, मग बेडकीनं ते वजन कुणाकडून घेतलं?

ती अंगणाकडे धावली. तिचे गुडघे धावण्यासारखे नव्हते, तरी धावली.

७

फाटकाशी रिहाम उभी होती. एका हातात केकचं खोकं, दुसऱ्या हातानं फाटकाचा गज धरलेला. हसत होती. तहानीला रडूच फुटलं.

रिहाम म्हणाली, "अगं, काय झालं? सुटलीस ना?" मग जरा नवलानं, "यम्मा, मगाशी गंमतच झाली. रस्त्यातून येत होते आणि एकदम इतकं हलकं वाटलं. हातातलं सामान कुणी काढून घ्यावं तसं. मला वाटलं, केकच पडला."

तहानीनं तिला जवळ घेतलं. एकच हात तिच्या कमरेभोवती टाकला होता, नेहमीसारखा. आणि मुलगी उठली. पंचवीस वर्षांची, भरल्या अंगाची मुलगी एका हातावर उठली, टाचा फरशीवरून सुटल्या. तो भार तहानीच्या मनगटाच्या ओळखीचा होता. किती तरी वर्षं, दरवर्षी एकदा, तिनं तो अगदी असाच उचलला होता.

तिनं मुलीला दंडाला धरलं आणि ओढत दालनापाशी नेलं. डॉक्टर विसाम, मिर्वत, बखीत, पोलीस अजून तिथंच होते.

"दार उघड, मिर्वत. एकदाच. हिला बेडकी दाखवायची आहे."

मिर्वत गोंधळली. "मॅडम, शिक्का लागला. आता उद्या सकाळी. तिघांच्या सह्या लागतात, तुम्हीच शिकवलंत. आणि तुमची सही आता..." ती थांबली.

मग तहानी बोलली. सगळं बोलली. सहलीच्या मुलांसमोर सनियाला काय म्हणाली, शुक्रवारी काय केलं, पाणी कसं प्यायली, तोंड दाखवायला का आली नाही, आज सकाळी मनात काय मागितलं. सव्वीस वर्षं जे गिळून ठेवलं होतं, ते चार माणसांसमोर आणि मुलीसमोर ओकून टाकलं. डॉक्टर विसाम खिडकीकडे बघू लागले. पोलिसानं ओठ दाबून हसू आवरलं.

मिर्वत पुढे आली आणि तिचा हात हातात घेतला. चांगली मुलगी होती. तिच्या चेहऱ्यावर कणव होती.

"तो दगड आहे, मॅडम," ती हळूच म्हणाली. "तुम्ही दमलायत. डॉक्टरकडे जाऊ या का?"

बखीतनं खिशातून किल्ली काढली होती. कुलपाजवळ नेऊन ती त्यानं तशीच धरली. पण तारेवरचं शिसं त्याच्या हातातलं नव्हतं, आणि पोलीस त्याच्याकडे बघत होता.

वाऱ्यानं अंगणाचं दार धाडकन उघडलं. पिवळी रेती फरशीवरून सरपटत आली. रिहामची ओढणी उडाली, मग झग्याचा घेर उडाला. ती आईच्या हातात जराशी पुढे सरकली. एक पाऊलही न टाकता. कुणाच्या ते लक्षात आलं नाही. बखीतच्या आलं. त्यानं तोंड फिरवलं.

तहानीनं दुसऱ्या हातानंही तिला गच्च धरलं.

"यम्मा, सोड ना," रिहाम लाजून, हसत कुजबुजली. "लोक बघतायत."

तहानीनं सोडलं नाही.